पातळ पुस्तकांचं कपाट

१२ जानेवारी

प्रिय धाकटे,

तुझी खुर्ची गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ओरडून सांगतेस.

वाचनालयातलं देवघेवीचं काउंटर मागच्या आठवड्यात उखडलं. तू जिथे चाळीस वर्षं तारखेचे शिक्के मारलेस, तिथे फरशीवर एक लांबट फिकट पट्टा उरला आहे, भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर उरतो तसा. त्या पट्ट्यावर आता दोन यंत्रं उभी आहेत. वाचक येतात, कार्ड दाखवतात, पुस्तकं ठेवतात, उचलतात, जातात. कोणी कोणाला ‘हे वाचलंत का’ असं विचारत नाही. दाराशी दोन पांढरे खांब बसवलेत. नोंद न करता पुस्तक बाहेर नेलं की ते कोकलतात.

आता खरं दुखणं. सूचनाफलकावर कागद लागला आहे : दोन वर्षांत ज्या पुस्तकाची एकदाही देवघेव झालेली नाही, ते जूनअखेरच्या मोजणीत काढून रद्दीत देण्यात येईल. नव्या ग्रंथपालबाई वाईट नाहीत, आवाज मऊ आहे त्यांचा. पण पडद्यावर जे दिसतं तेच झालं, बाकीचं झालंच नाही, अशी त्यांची समजूत आहे. आणि खिडकीशेजारचं तुझं कवितांचं कपाट? तेव्हाच्या ग्रंथपालसाहेबांच्या मागे लागून लागून, एकेक पातळ पुस्तक आणून तू ते भरलंस. पण कविता घरी कोण नेतं? लोक उभ्याउभ्या वाचतात, खिडकीतून जरा बाहेर बघतात, पुस्तक खणात ठेवून जातात. मीच आयुष्यभर तसं केलं. म्हणजे पडद्याच्या हिशेबी ते कपाट कोणी उघडलेलंच नाही.

जाताना तू म्हणाली होतीस, ‘जुलैत येते, मग खिडकीशी बसून एकेक वाचू.’ मी हो म्हटलं होतं. तू येईपर्यंत ते कपाट हलू द्यायचं नाही, एवढंच आता माझं काम. कसं करू ते सांग.

आणखी एक. चौथीत बाईंनी शिकवलेली नावाड्याची कविता सकाळपासून डोक्यात घोळते आहे. पहिली ते चौथी एकाच खोलीत, त्यामुळे तुझ्यासकट सगळा वर्ग डुलत डुलत म्हणायचा, बाई छडीने टेबलावर ताल धरायच्या. वादळ उठतं तिथपर्यंत येते. पुढचं शेवटचं कडवं काही केल्या आठवत नाही. नाव काठाला लागते का गं?

तुझा,
दादा

२४ जानेवारी

दादा, नमस्कार.

साष्टांग घातला असता, पण गुडघा तयार नाही. त्यासाठीच तर लेकाने इथे आणून ठेवलंय. मनातल्या मनात घातला, धरून चाल.

खुर्ची गेली ते बरंच झालं. तिचा एक पाय मी जन्मभर पुठ्ठ्याची घडी घालून सांभाळला. नवऱ्याचं एवढं केलं नसेल.

तू जन्मभर फुकट वाचलंस, त्याची ही शिक्षा. आता मुकाट्याने कार्ड काढ. त्या यंत्राला आरएफआयडी म्हणतात, पण नावाला घाबरू नकोस, तुझ्या शाळेतल्या हेडमास्तरांपेक्षा ते गरीब आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चौकोनी कागद चिकटवलेला असतो, तो टॅग. त्यात केसासारखी तार गोल गोल फिरवलेली. यंत्र रेडिओच्या लहरी सोडतं, त्या लागल्या की टॅग आपला नंबर सांगतो. पुस्तक उघडायला नको, शिक्का नको, कोणाला काही विचारायला नको. म्हणून तर मी नको झाले.

निवृत्त होण्याआधी शेवटचे महिने मी टॅग चिकटवण्याचंच काम केलं. त्या कपाटातली सगळी पुस्तकं माझ्या हातची आहेत. खालचा डावा कोपरा, कडेपासून दोन बोटं सोडून. एक वाकडा सापडला तर नाव बदलेन. शिकवायला आलेला माणूस म्हणत होता, ‘बाई, पातळ पुस्तकांना जरा वरखाली लावा.’ मी म्हटलं, ‘तुमच्याकडे चालत असेल वरखाली, माझ्या हातून गबाळं काम व्हायचं नाही.’ पुढच्या कपाटाकडे वळला बिचारा.

तेव्हा तू असं कर. पुस्तकं यंत्रावर ठेव, कार्ड दाखव, हिरवं बटण दाब. नोंद झाली. टेबलाशी बसून वाच, मग परतीचं बटण दाबून पुन्हा खणात ठेव. दाराबाहेर न्यायला नकोत, ओझं होईल. आणि एकेक करत बसू नकोस, तुझी कंबर मला माहीत आहे. तो माणूस पाच कादंबऱ्या एकावर एक रचायचा आणि यंत्र एका दमात पाचही वाचायचं. तू पाच-पाच घे.

नावाड्याचं पुस्तक दुसऱ्या खणात आहे, निळं, कण्याला चिकटपट्टी. शेवटचं कडवं मला येतं. पण सांगणार नाही. जाऊन वाच.

सूनबाई चांगली आहे. खोलीची खिडकी मोठी आहे, समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी.

धाकटी

२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझा दादा वाचनालयाचा सभासद झाला. कार्डावरच्या फोटोत मी पळून जाताना सापडल्यासारखा दिसतो.

पहिल्या दिवशी पाच पुस्तकं रचली, कडा जुळवल्या. पाचांची मिळून जाडी माझ्या अंगठ्याएवढी. हिरवं बटण दाबलं, यंत्र पाखरासारखं चिवकलं आणि पडद्यावर नाव उमटलं. मला ती रीत फार आवडली. ढिगातल्या एकाच पुस्तकाचं नाव येतं, बाकीच्यांचं नाही. आपल्या वर्गात कसं, बाई घाईत असल्या की मॉनिटरला उभं करून ‘सगळे आहेत का रे?’ विचारायच्या, तो ‘हो’ म्हणाला की झाली हजेरी. तसंच हे. यंत्र मला वाटलं होतं तितकं कोरडं नाही. पावती हवी का विचारतं, मी ‘नको’ दाबतो. उगाच कागद कशाला.

परवा माझ्यामागे एक बसड्रायव्हर उभा होता, गणवेशातच. म्हणाला, ‘आजोबा, एवढ्या कविता? कोणी भेटलंय का नवीन?’ मी म्हटलं, ‘बहीण यायची आहे.’ ‘मग कपडे घ्या की तिला,’ म्हणाला आणि माझी पिशवी पडली होती ती उचलून दिली.

नोंद झाली की खिडकीशी बसतो. खरं सांगू, मी वाचत कमी आणि ऐकत जास्त असतो. ओळ दिसली की वर्ग ऐकू येतो. तुझा चिरका आवाज, माझ्या बाकावरच्याचं नाक ओढणं, बाहेर घंटा वाजवायला निघालेल्या शिपायाच्या वहाणा. म्हातारपणी माणसाला दुसरं लागतं तरी काय?

निळं पुस्तक सापडलं. नावाड्याचं पान उघडलं, वादळापर्यंत वाचलं आणि पान उलटलंच नाही. म्हटलं, शेवटचं कडवं तू आल्यावर. तू एक ओळ, मी एक ओळ. ते पुस्तकही त्याच्या ढिगात घालून नोंदवलं.

वरचा खण संपला. एकूण खण किती ते तुला ठाऊक आहेच. जूनच्या आत दोनदा होतील.

गुडघा कसा आहे?

दादा

३ मे

प्रिय धाकटे,

मागच्या पत्राला उत्तर नाही, त्याआधीच्यालाही नाही. रागावलीस का? फोन केला तर तुझ्या लेकाने, लंबूने उचलला. काय म्हणाला ते नीट कळलं नाही. ‘आराम’ एवढं ऐकू आलं. गुडघ्याला आराम पडला असेल तर चालायला लाग, आळशीपणा करू नकोस.

कपाट एकदा पुरतं झालं, आता दुसरी फेरी चालू आहे. ढीग लावताना क्रम मोडत नाही, तू लावलेला आहे तो. ग्रंथपालबाई परवा थांबून बघत होत्या. म्हणाल्या, ‘काका, एवढी खटपट कशासाठी?’ मी म्हटलं, ‘तुमचा पडदा खूश राहावा म्हणून.’ हसल्या. बाई हसतात तेव्हा शाळेतल्या वाटतात.

उन्हं वाढली आहेत. खिडकीची काच दुपारी तापते, म्हणून पुस्तकांच्या पाठींना पेपर लावून ठेवतो.

दोन ओळी तरी लिही.

दादा

१६ जून

दादा,

अक्षर बघून घाबरू नकोस, मांडीवर उशी घेऊन लिहिते आहे. तपासणीसाठी दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. आता तपासणी म्हटली की त्यांना सोडवत नाही, आपल्याकडे पाहुणा आला की तुला सोडवत नसे तसं. तुझी पत्रं उशाशी साठली होती. काल सगळी एकदम वाचली.

मॉनिटरचं वाचून हसले. मग हसू विरलं आणि मनात काहीतरी टोचायला लागलं. तो माणूस दाखवायचा तेव्हा पडद्यावर पाच नावं येत असत, एकाखाली एक. दादा, तुझ्या ढिगाला एकच नाव येतं का? जवळचा चष्मा लावून नीट बघ. एकच येत असेल तर ढीग करू नकोस, एकेक ठेव. लगेच जा. पत्र मिळाल्याबरोबर.

जुलै जमेलसं वाटत नाही. थंडीत येईन. कपाट तोवर राहील ना?

धाकटी

४ जुलै

प्रिय धाकटे,

किती घाबरवतेस गं. पत्र मिळालं तसा उठलो, चष्मा लावला आणि गेलो. पाच नावं येतात. एकाखाली एक, स्वच्छ, पाठ केल्यासारखी. त्या दिवशी मी लांबचा चष्मा लावून गेलो असेन, म्हणून वरचं तेवढं दिसलं. तू मला ओळखतेसच, शाळेत निम्म्या वेळा मी दुसऱ्याच वर्गात जाऊन शिकवायला लागायचो.

मोजणी झाली आणि कपाट सुटलं. ग्रंथपालबाई स्वतः म्हणाल्या, ‘काका, या विभागाची देवघेव सगळ्यांत जास्त आहे.’ मी मान ताठ केली. कपाटाला आता नवी काच बसवणार आहेत, वरच्या खणाला दिवा लावायचंही चाललं आहे. खिडकीतलं झाड यंदा चांगलं पसरलं आहे, सावली थेट तुझ्या जागेवर येते. दोन खुर्च्या मी मागून ठेवल्या आहेत, एकीला टेकायला उशी. निळं पुस्तक दुसऱ्या खणात, जिथल्या तिथे. शेवटचं कडवं अजून वाचलेलं नाही. बसड्रायव्हर भेटला होता, तुझी चौकशी करत होता. त्यालाही कवितांची गोडी लागली आहे म्हणे.

थंडीत ये. घाई नाही. कपाट कुठे जात नाही.

तुझा,
दादा

४ जुलै

चि. लंबूस आशीर्वाद.

पन्नाशीला आलास, तरी मामाच्या तोंडी दुसरं नाव बसत नाही. हे पत्र तुझ्या एकट्यासाठी. तुझ्या आईला आज वेगळं पत्र टाकलं आहे, त्यातलं एक अक्षरही खरं नाही. ती तुला वाचून दाखवेल, तेव्हा तोंड सरळ ठेव.

तिची सूचना मिळाली तेव्हा मोजणी होऊन गेली होती. मी गेलो तर कपाट भिंतीपासून सुटं करून आडवं घातलेलं आणि पुस्तकं खोक्यांत. मी बाईंना म्हटलं, ‘अहो, मी सगळी नोंदवली आहेत, दोनदा.’ त्यांनी वाद घातला नाही. खोक्यातली पाच काढली, माझ्यासारखीच रचली, यंत्रावर ठेवली. एक नाव आलं. मग एकेक करून ठेवली, पाचही आली. म्हणाल्या, ‘काका, जाड पुस्तकांच्या टॅगांमध्ये पानांचं अंतर राहतं. ही फार पातळ, आणि सगळ्यांचे टॅग बरोबर एकावर एक येतात. एकमेकांच्या आड गेले की यंत्राला बाकीचे ऐकूच येत नाहीत. म्हणून पातळ पुस्तकांना वरखाली लावायचे असतात.’ मग एक पुस्तक उघडून त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, ‘इतके शिस्तीत कोणी लावले हो?’

मी म्हटलं, माहीत नाही.

हे तिला कधीही कळता कामा नये. माझी चूक कळली तर ती हसेल, चार शिव्या देईल आणि विसरेल. पण तिने एकेक कोपरा मापून, जीव लावून केलेलं काम त्या पुस्तकांच्या मुळावर आलं, हे तिला कसं सांगायचं? वाकडंतिकडं चिकटवणारी बाई असती तर आज कपाट उभं असतं.

ढिगागणिक ज्या एकाने हाक दिली, ती पुस्तकं राहिली. ती ‘संकीर्ण’ म्हणून जिन्याखालच्या लाकडी मांडणीवर टाकली आहेत. मी क्रम मोडला नव्हता ना, त्यामुळे दुसऱ्या फेरीतही बहुतेक तीच बोलली. निळं पुस्तक त्यांत नाही. खोकी उचलायच्या आधी बाई म्हणाल्या, ‘काका, एखादं घ्या तुम्हाला.’ लांबचा चष्मा होता, रद्दीवाल्याची माणसं ताटकळली होती. निळा रंग दिसला, ओढलं. घरी येऊन पाहिलं तर कोणाच्या तरी भूपाळ्या.

ते हातात उघडं धरून मी दारातून निघालो. म्हटलं, आता खांब कोकलतील, लोक बघतील, मला थांबवतील. काही झालं नाही. बाई म्हणाल्या, ‘यादीतून काढलेल्यांना दार ओळखत नाही.’ मी एकदा परत आत गेलो आणि पुन्हा बाहेर आलो. गप्प.

जिथे कपाट होतं तिथे आता फोन चार्ज करायचं टेबल येणार आहे.

तिचा गुडघा थंडीपर्यंत बरा होईल ना? येण्याआधी मला कळव. काहीतरी सबब शोधावी लागेल, रंगकाम चालू आहे, असलं काही. तिचं अक्षर मला बरं वाटलं नाही.

तुझा,
मामा

१९ जुलै

दादा,

दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. एकावर माझं नाव, एकावर लंबूचं, अक्षर दोन्हींवर तुझं. मी उघडणार नाही असं तुला वाटलंच कसं? चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं उघडण्यात गेली माझी.

पण माझं आधी वाचलं. लंबूचं उघडायच्या आत कळलं होतं. एक तर तू खोटं बोलतोस तेव्हा पत्राला पाल्हाळ फुटतो. दुसरं म्हणजे, पाच नावं येतात असं लिहिलंस. येऊच शकत नाहीत. तुला पत्र टाकून पडले होते, तेव्हाच त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ‘बाई, जरा वरखाली लावा.’ तो मला सवलत देतो आहे असं मी समजले. तो कामच सांगत होता. माझे कोपरे मला माहीत आहेत दादा. एकाच बाकावर मी सगळा वर्ग एकमेकांच्या मांडीवर बसवला, वर तोंडं एका बाजूला करून. मग हजेरीला ‘हजर’ कोण म्हणणार?

तू माझ्या हातांना सांभाळायला बघितलंस. बघितलंस, एवढं मला पुरे.

आता माझं. दुखणं गुडघ्याचं नाही, पोटातलं आहे. पहिल्यापासून तेच होतं. डॉक्टर हल्ली माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि लंबूला बाहेर नेऊन बोलतात. थंडीत मी येणार नाही. तेव्हा रंगकामाची सबब काढू नकोस, जमली नसती तुला. कपाट आहे असं तू मला सांगितलंस, येते असं मी तुला सांगितलं. फिटंफाट.

लंबूला सांगून तुला आणावंसं वाटलं होतं. पण हा प्रवास तुझ्या कंबरेला नाही झेपायचा, आणि इथे आलास तर तू माझ्याकडे बघत बसशील, मी तुझ्याकडे. तिथेच राहा. वाचनालयात जाऊ नकोस असं म्हणणार नाही. त्या टेबलाशी बस. झाड तर आहे ना? की तेही खोटं?

नावाड्याचं शेवटचं कडवं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आता नुसता अर्थ राहिलाय, शब्द निसटतात. नाव काठाला लागत नाही, दादा. वादळ थांबतं, सकाळ होते, पाणी आरशासारखं होतं आणि वर काही दिसत नाही. तुला आठवत नाही कारण बाईंनी ते आपल्याकडून कधी म्हणूनच घेतलं नाही. वादळापाशी घंटा झाल्यासारखं करून पुस्तक मिटायच्या. मी पुढे काउंटरवर बसल्यावर वाचलं.

लिहून दमले. उत्तर सावकाश दे, किंवा देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. : त्या भूपाळ्यांच्या पुस्तकातला टॅग नखाने काढायला जाऊ नकोस. घट्ट चिकटवलाय मी. पुठ्ठा फाटेल.